बोरिवलीच्या रानातील गुंज

पौष महिन्यातील एका रविवारी घाटकोपरहून आम्ही सहकुटुंब बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. प्रवेशद्वारापासून कान्हेरीची लेणी सुमारे सहा किलोमीटर. शेवटच्या चढावर नात एकाएकी थांबली. “आजोबा, इथे कुणाची माळ तुटली आहे का?” करवंदीच्या जाळीवर एक बारीक वेल चढली होती. तिच्या वाळलेल्या शेंगा उकलून मागे वळल्या होत्या आणि प्रत्येकीत चार-पाच लालभडक, काळ्या डोळ्याचे मणी चिकटून राहिले होते.

गुंज ही वाटाणा-हरभऱ्याच्याच कुळातील. पावसाळ्यात तिला फिकट जांभळट-गुलाबी फुलांचे घोस येतात, पण त्यांच्यासाठी कोणी थांबत नाही. पाने चिंचेच्या पानांसारखी, चवीला गोड, विड्यातही घालतात. सारा थाट मात्र बियांचा.

आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, अर्थात ९६ गुंजांचा तोळा, हे कोष्टक आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असे. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली आणि ते मागे पडले. रत्नांच्या बाजारात ‘रत्ती’ म्हणून गुंज अजून टिकून आहे.

माझ्या आजोबांची सराफी होती. त्यांच्या पितळी डबीत गुंजांच्या दोन पुरचुंड्या आहेत. घरी येताच मी त्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर घातल्या. तोळा ११.६६ ग्रॅमचा. पहिल्या पुरचुंडीतील ९६ गुंजा जवळजवळ तितक्याच भरल्या. दुसरीतील सव्वा ग्रॅमने कमी! मन चरकले. घेताना एक माप आणि देताना दुसरे, अशा पेढ्यांच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात. रात्री झोप लागली नाही. सकाळी दुसऱ्या पुरचुंडीचे फडके पूर्ण उलगडले, तेव्हा घडीत आजोबांच्या अक्षरातील चिठ्ठी सापडली. तिच्यावर एकच शब्द होता : ‘बाद’. निसर्गातील गुंजा काही सारख्या वजनाच्या नसतात. त्यांनी एकेक पारखून हलक्या वेगळ्या काढल्या होत्या.

कान्हेरीच्या शिलालेखांत व्यापाऱ्यांची दाने पुष्कळ आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिल्याचाही लेख आहे. त्याच्या तागडीत कोणती वजने असतील, हा विचार आता डोक्यातून जात नाही.

नातीला ती डबी हवी आहे. मी दिलेली नाही. गुंजेचे टरफल कठीण असते. अखंड बी गिळली तर बहुधा तशीच बाहेर पडते, पण चावलेली किंवा भोक पाडलेली बी पोटात गेल्यास जिवावर बेतू शकते. जत्रेत मिळणाऱ्या गुंजांच्या माळा म्हणूनच लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. डबी कपाटात वरच्या खणात, कुलपात आहे. रानातील गुंजा वेलीवरच राहिल्या. उद्यानातून काही तोडून आणण्यास मनाई आहे. येत्या भाद्रपदात फुले पाहायला पुन्हा जायचे, असे नातीकडून वचन घेतले आहे.