शेक आणि रविवारची गोळी

आमच्या लहानपणी नगर जिल्ह्यातल्या बऱ्याच वाड्यांत वाताची एक आजी असायची. आजी आम्ही म्हणायचो. खरं तर तिची चाळिशीही उलटलेली नसायची, पण बोटं वाकडी झाली की वय कोण विचारतं! पहाटे तिची मूठ मिटायची नाही, दुपारपर्यंत सांधे सुटायचे नाहीत, आणि बांगड्या भरायला आलेली कासारीण तिचा हात हातात घेऊन आधी माप बघायची, मग सुस्कारा टाकायची. घरचे म्हणायचे, वात भरलाय, आता जन्माची सोबत.

आता तशाच बाईच्या हातात फाइल असते. तीत ईएसआर, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या रक्ततपासण्यांचे कागद लावलेले. शरीराची संरक्षणयंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटली आहे, हे तिला कुणीतरी नीट समजावून सांगितलेलं असतं. तेव्हा आम्हाला दुखण्याचं नाव माहीत नव्हतं, पण दुखणारी माहीत होती. आता नाव सगळ्यांना पाठ असतं, ती रात्री झोपली का, हे मात्र विचारायचं राहून जातं.

तेव्हा दिवेलागणीनंतर शेक असे. चुलीवर तवा, तव्यात जाड मीठ नाहीतर नदीची वाळू, ती जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून केलेली पुरचुंडी. आधी ती आपल्या गालाला लावून बघायची, मग आजीच्या मनगटाला. निगडीचा पाला गरम करून गुडघ्याला बांधायचा, वर एरंडाचं पान. हे काम नातवंडांचं. गोष्टी, उखाणे, भावकीची सगळी भांडणं आम्ही त्या तव्यापाशी ऐकली. आभाळ भरून आलं की शेजारचे शेतकरी ओट्यावरून विचारायचे, ‘काकू, गुडघा काय म्हणतोय?’ आमच्या पर्जन्यछायेच्या मुलखात काकूंचा गुडघा दुखणं ही आनंदाची बातमी होती. काकूंना कसं वाटायचं, ते कुणी विचारलं नाही.

आणि खरं सांगायचं तर शेकानं घटकाभर बरं वाटे, सांधा वाचत नसे. बिब्ब्याचे चटके दिलेले काळे डाग आजीच्या मनगटावर होते, वात तसाच होता. बाजारच्या दिवशी पुडीत मिळणाऱ्या बिननावाच्या गोळ्यांनी चार दिवसांत चमत्कार व्हायचा. चेहरा गरगरीत व्हायचा, आणि आम्ही म्हणायचो, अंग धरलं! ती सूज स्टिरॉइडची असू शकते, हे फार उशिरा कळलं. 1948 मध्ये फिलिप हेंच यांनी अमेरिकेत संधिवातावर कॉर्टिझोन पहिल्यांदा वापरलं, 1950 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आमच्याकडे ते औषध पोचलं, त्याची भीती मागाहून आली.

आता मेथोट्रेक्सेट असतं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी; फॉलिक अ‍ॅसिड दुसऱ्या वारी. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतणारी मेथोट्रेक्सेटची गोळी नेमानं घेतली तर बोटं सरळ ठेवते, आणि महागही नाही. अधूनमधून यकृताची आणि रक्ताची तपासणी, मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगून गोळी बंद. तेवढ्यानं भागलं नाही तर महागडी जैविक इंजेक्शनं. त्याआधी क्षयाची तपासणी. आमच्याच जिल्ह्यात लोणीला 1984 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि भीमेपलीकडे भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 मध्ये गावकऱ्यांची घरोघर पाहणी सुरू केली, तीत हजारी सुमारे पाच प्रौढांना हाच वात, म्हणजे आमवात, दिसला. म्हणजे आमची आजी एकटी नव्हती. फक्त मोजलेली नव्हती.

तेव्हा दुखणं सगळ्या घराचं होतं, उपचार कुणाचेच नव्हते. आता उपचार आहेत, दुखणं एकटीचं झालंय. रविवारी जेवणानंतर ती गोळी घेते, मोबाइलवर गजर वाजतो, कुणी मान वर करत नाही. तो तवा आम्हाला आठवतो, आणि लगेच हेही आठवतं की त्या तव्यापाशी बसलेल्या बाईला स्वतःच्या हातानं वेणी घालता येत नव्हती. गेलं त्याचं वाईट वाटतं. परत मात्र कुणी मागू नये.

म्हणून घरात कुणाची बोटं, मनगटं सुजत असतील, सकाळी तासभर सांधे आखडत असतील आणि हे सहा आठवडे चाललं असेल, तर पाला शोधत बसू नका. डॉक्टरांकडे न्या, संधिवाताच्याच तज्ज्ञांकडे न्या. पहिल्या काही महिन्यांत सुरू झालेलं औषध सांधा वाचवतं, वाकलेलं बोट सरळ करत नाही. आणि रविवारी ती गोळी घेईल तेव्हा पाण्याचा तांब्या तुम्ही नेऊन द्या, घटकाभर तिच्याजवळ बसा. त्याला प्रिस्क्रिप्शन लागत नाही.