गोळ्यांचं काय?

सनद मिळाल्यावर सुरुवातीची काही वर्षं, जामिनाचा आदेश हाती पडला की वकिलाचं काम संपलं असं मी धरून चालायचो. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर होतो, कच्च्या कैद्यांचे अर्ज चालवायचो. भंगारचोरीतल्या एका पोराला जातमुचलक्यावर सोडवलं, त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात ताईंनी मला गाठलं. ताई तुरुंगात समाजकार्य करायच्या. "वकीलसाहेब, अभिनंदन. पण याच्या गोळ्यांचं काय?"

पोराला कानात आवाज यायचे, हे मला तेव्हा कळलं. आत गोळी रोज हातावर मिळायची. बाहेर कोण देणार?

ताई तेव्हाच कामाला लागल्या होत्या. घरी फोन नव्हता, म्हणून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणावाल्याचा नंबर त्यांच्या वहीत होता. पोराची आई निरक्षर, म्हणून औषधाच्या पाकिटावर पेनाने सूर्य आणि चंद्र काढलेले. आणि मला एक काम सांगितलं: पोलीस ठाण्यातली हजेरी सोमवारची आहे, मानसोपचाराची ओपीडीही सोमवारीच असते, तेवढा वार बदलून घ्या. कायद्याच्या कुठल्या पुस्तकात हे असतं? न्यायाधीशांनी वार दोन मिनिटांत बदलून दिला.

कायदासुद्धा मी नीट वाचला तो त्यांच्यामुळे. गुन्हा नसताना केवळ मनोरुग्ण म्हणून माणसांना तुरुंगात डांबणं बेकायदा आहे, हा 1993चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल शीला बारसे यांच्या याचिकेवरचा. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 103 कैद्यांसाठी आहे, तिथवर माझी मजल होती. ताई बोट ठेवायच्या कलम 18वर. सरकारी सेवेतून उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क, त्यात वस्तीपातळीवरचं पुनर्वसनही आलं. सुटलेला कैदी त्यातून वगळलेला नाही. कागदावर हे चोख आहे. तालुक्याला डॉक्टर असतोच असं नाही.

आता माझ्या जामीनअर्जात उपचाराचा एक परिच्छेद असतो. ज्युनिअर मंडळी त्याचं कौतुक करतात, तेव्हा मी ताईंचं नाव सांगतो. त्या निवृत्त झाल्यात, पण अडलं की फोन त्यांनाच. परवा एका दूरच्या वाडीतल्या माणसासाठी केला. मला पुरतं बोलूही न देता म्हणाल्या, "आधी तिथल्या आशाताईंचा नंबर मिळवा. मग बोलू."