नेट चालू आहे, पण...

आमच्या धंद्यात एक वाक्य रोज ऐकू येतं. "नेट चालू आहे, पण प्रोग्रॅम कनेक्ट होत नाहीये." म्हणणारा माणूस वैतागलेला असतो आणि ऐकणारा त्याहून जास्त. आठवड्याचे पाच दिवस मी पगार घेऊन हे वाक्य ऐकतो, त्यामुळे तेव्हा मी भलताच शांत असतो. "सर, स्क्रीनवर काय दिसतंय ते जरा वाचून दाखवाल का?" वगैरे. सहाव्या दिवशी हेच वाक्य घरून आलं की माझं काय होतं, त्याची ही गोष्ट.

जून २०१९ मधला एक शनिवार. ताईच्या मुलीचं बारसं न्यू जर्सीत सकाळी अकराला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठला. आई जाऊन वर्ष झालं होतं. अण्णा साताऱ्याला एकटेच. त्यांच्याकडे बटणांचा फोन, त्यामुळे नात बघायची तर २०१० साली घेतलेल्या डेस्कटॉपवरच. माझी ऑफिसात सपोर्टची पाळी, म्हणून मी पुण्यात अडकलेलो. साडेसातला अण्णांचा फोन आला.

"अरे, तो व्हिडिओचा प्रोग्रॅम लागत नाहीये. आणि इथे खाली कोपऱ्यात तारीख..."

"तारखेचं सोडा हो अण्णा. आधी सांगा, नेट चालू आहे का?"

"पेपर उघडतोय की."

झालं! पेपर उघडतोय म्हणजे वायर ठीक, मोडेम ठीक, नावावरून पत्ता शोधणारं डीएनएसही ठीक. मग दोष प्रोग्रॅमचाच. मी भराभर सूचना सोडायला लागलो. मोडेम बंद करून चालू करा. फायरवॉल बंद करा. प्रॉक्सीची खूण काढा. अण्णा प्रत्येक वेळी "हं, केलं" म्हणत होते. मध्ये एकदा "अरे, पण मी म्हणत होतो..." असं सुरू झाले, तर मी "एक मिनिट, आधी हे करा" म्हणून त्यांना गप्प केलं. आवाजही चढला असावा. शेवटी मी हुकमी एक्का काढला. "प्रोग्रॅम काढून टाका, नवीन घेऊ."

आठ वाजता जुना प्रोग्रॅम गेला आणि नवीन घ्यायला साइटच उघडेना. दूरवरून स्क्रीन बघायचं साधन घ्यावं म्हटलं, तर तीही साइट उघडेना. पेपर मात्र मजेत उघडत होता. म्हणजे आता आमच्याकडे न चालणारा प्रोग्रॅमसुद्धा नव्हता! तेव्हा कुठे मी ऑफिसात पहिल्या मिनिटाला विचारतो तो प्रश्न विचारला. "अण्णा, स्क्रीनवर काय लिहिलंय?"

त्यांनी सावकाश वाचलं. "युअर क्लॉक इज बिहाइंड." मग थोडं थांबून, "मी मघापासून तेच सांगतोय. इथे १ जानेवारी २०१० दाखवतंय."

माझ्या पोटात खड्डा पडला. अण्णांनी पस्तीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. घड्याळ चुकलेलं त्यांच्या नजरेतून सुटणार नव्हतंच. माझ्याच कानातून सुटलं.

झालं होतं असं. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर२०३२. कॉम्प्युटरची वीज गेली तरी घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो कधीतरी संपला असणार, पण प्लगचं बटण चालू असेपर्यंत घड्याळाला तिकडून वीज मिळत राहते, त्यामुळे कळलं नाही. आदल्या रात्री विजा कडाडल्या म्हणून अण्णांनी बटण बंद केलं आणि घड्याळ थेट नऊ वर्षं मागे गेलं. विंडोज एरवी नेटवरून वेळ जुळवून घेतं खरं, पण एवढा मोठा फरक दिसला की ते घड्याळाला हात लावत नाही.

आणि कुलूपवाल्या, म्हणजे एचटीटीपीएसच्या साइट्स आधी आपलं सर्टिफिकेट दाखवतात. त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. २०१० मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरला २०१९ चं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून तो दार लावून घेतो. त्या पेपरची साइट तेव्हा बिनकुलपाची होती, तिला कोणी तारीख विचारत नव्हतं. मी हे फोनवर समजावलं तर अण्णा म्हणाले, "म्हणजे पास पुढच्या महिन्याचा आणि प्रवासी आजच गाडीत चढला." याहून चांगलं मला आजवर कोणाला सांगता आलेलं नाही.

तारीख बदलायला एक मिनिट लागलं. प्रोग्रॅम पुन्हा उतरवून, पासवर्ड शोधून (तो आईच्या वहीत होता) कॉल लागेपर्यंत नऊ वाजून गेले. पाळणा म्हणून झाला होता, नाव ठेवून झालं होतं. अण्णांना झोपलेली नात दिसली. "छान आहे, झोपू दे," म्हणाले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी साताऱ्याला जाऊन सेल बदलला. काम पाच मिनिटांचं.

तुमच्याकडेही कधी असं झालं, तर क्रम साधा आहे. दोन-तीन वेगळ्या साइट्स उघडून बघा, एकीवर विसंबू नका. आकड्यांचा पत्ता (८.८.८.८) पिंग होतोय पण नावाने काही उघडत नाही, तर डीएनएस बघा. ब्राउझर सगळं उघडतोय आणि एकच प्रोग्रॅम अडतोय, तर फायरवॉल, अँटिव्हायरस, प्रॉक्सी. आणि काही साइट्स चालतात, काही नाही, असं असेल तर आधी तारीख, वेळ आणि सालसुद्धा बघा.

पण या सगळ्याच्या आधीची पायरी मी त्या रात्री शिकलो. "शेवटचं चाललं तेव्हापासून काय बदललं?" एवढं विचारायचं आणि मग गप्प बसायचं. समोरचा माणूस कॉम्प्युटरच्या पुढ्यात बसलेला असतो, आपण नाही. ऑफिसात हे मला कळत होतं. घरच्या माणसाला मात्र काही कळत नाही असं मी धरूनच चाललो होतो.

असो. आता अण्णांचा फोन आला की ते आधी आजची तारीख सांगतात, मग वार, मग तक्रार. मी मुकाट्याने ऐकतो.