लहान गावाची मोठी गोष्ट

मुलांनो, भूगोल शिकवताना मी नेहमी मोठ्या शहरांची लोकसंख्या पाठ करून घेत असे. लहान गावांकडे माझे लक्षच जात नसे. एकदा झोअर या गावाविषयी वाचले आणि माझी चूक मला कळली.

झोअर हे अमेरिकेतील ओहायो राज्यात आहे. धर्माच्या कारणाने होणाऱ्या छळाला कंटाळून सुमारे २०० जर्मन माणसे १८१७ साली तेथे आली. त्यांनी कर्जाने जमीन घेतली. १८१९ साली सर्वांनी आपली मालमत्ता एकत्र केली. तरी कर्ज फिटेना.

पुढे ओहायो-ईरी कालव्याचे काम सुरू झाले. कालवा त्यांच्याच जमिनीतून जाणार होता. स्त्री-पुरुषांनी मिळून माती खोदली, वाहिली आणि त्या मजुरीतून कर्ज फेडले.

नंतर रेल्वे आली आणि कालवा मागे पडला. १८९८ साली गावाने मालमत्ता वाटून घेतली. १९१३ च्या महापुराने कालवाही मोडला.

२०१० च्या जनगणनेत झोअरची लोकसंख्या होती १६९. आता असा लहान आकडा दिसला, की मी पान उलटत नाही. त्यामागे किती हातांचे कष्ट असतील, असा विचार करतो.