अजून एक मावेल

अंतराळवीरांचे सूट दोन तऱ्हेचे असतात. यानाबाहेर तरंगताना घालायचा तो अगडबंब. दुसरा हलका, उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळेपुरता. २०२५च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला निघाले तेव्हा अंगावर होता तो हा दुसरा. "यानात हवा असते ना आजी, मग कशाला?" नातवाने विचारलं. मग त्याला १९७१ची हकिगत सांगावी लागली.

मी तेव्हा बी.ए.ला होते. दोब्रोवोल्स्की, व्होल्कोव्ह आणि पात्सायेव्ह हे तिघे सोव्हिएत अंतराळवीर साल्युत स्थानकावरून सोयुझ ११ने परत येत होते. ३० जूनला यान पॅराशूटने अगदी व्यवस्थित उतरलं. दार उघडलं तर तिघे आपापल्या खुर्चीत, अंग अजून कोमट, प्राण नाहीत. यानाचे भाग सुटे होताना हवेची एक झडप अवेळी उघडली होती. ती हाताने बंद करता येत होती, पण तेवढा वेळ शुद्धच राहत नाही. अंगावर साधे कपडे.

सूट का नव्हते? तर सूट घातले की तिघे मावत नव्हते म्हणून! १९६४ साली व्होस्खोद यानातून तिघांना असंच बिनसुटाचं पाठवलं होतं, आणि ते निभावलंही होतं. मला आमच्या शाळेच्या सहली आठवल्या. "बाई, अजून चार पोरं मावतील" म्हणणारं कुणीतरी दरवर्षी असायचंच. आणि मावायचीही हो! मग पुढच्या वर्षी नाही कसं म्हणणार?

सोव्हिएत लोकांनी मात्र तिसरी खुर्चीच काढून टाकली. सप्टेंबर १९७३ पासून सोयुझमध्ये दोघेच, अंगावर 'सोकोल' सूट. हा सूट मोठा मजेशीर. वजन दहा किलोच्या आसपास. पुढून आत शिरायचं आणि आतल्या हवाबंद कापडाचं तोंड गोळा करून रबराने गच्च बांधायचं, आपण फरसाणाची पिशवी बांधतो तसं! बेतलेला बसलेल्या माणसाच्या मापाने, म्हणून चालताना सगळे वाकलेले दिसतात. सुधारलेल्या यानात तिसरा माणूस परत आला तो १९८०मध्ये, सूट घालूनच. १९८४मध्ये आपले राकेश शर्मा गेले ते अशाच तिघांत.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. सोयुझ ११मध्ये खरे जायचे होते लिओनोव्ह, कुबासोव्ह आणि कोलोदिन. उड्डाणाच्या तोंडावर डॉक्टरांना कुबासोव्हच्या फुफ्फुसावर डाग दिसला आणि तिघांनाही बदललं. तिघेही वाचले. पुढे दोनच खुर्च्या उरल्या. लिओनोव्ह आणि कुबासोव्ह १९७५मध्ये अमेरिकनांबरोबरच्या मोहिमेत एकत्र गेले. कोलोदिन कधीच अंतराळात गेले नाहीत.