पेटी एकच, कर्णा वेगळा

भोंगा म्हणजे भोंगा, त्यात आणखी काय प्रकार असायचे, असे लोक मला विचारतात. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत चाळीस वर्षे मी भोंगे बांधले आणि उतरवले, जळालेल्या युनिटचे डायफ्रॅम बदलले. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. काही जण तर ‘भोंग्याच्या जाती किती?’ असेही विचारतात. तो शब्द मी माझ्या दुकानात चालू दिला नाही. प्रकार म्हणा, नमुना म्हणा.

भोंग्याच्या मागे डब्यासारखे जे दिसते ते युनिट. त्यात चुंबक, तारेचे बारीक वेटोळे आणि पातळ डायफ्रॅम असतो. डायफ्रॅम हलतो केसभर. पण तो आवाज अरुंद तोंडातून निघून हळूहळू रुंदावत जाणाऱ्या कर्ण्यातून बाहेर पडला, की थोड्या वॅटमध्ये लांबवर पोचतो. आपल्या कडुनिंबाला टांगलेला भोंगा आणि अमेरिकेतल्या थिएटरात पडद्यामागे उभा केलेला माणसाएवढा लाऊडस्पीकर, दोघांचे तत्त्व हेच आहे. म्हणूनच माझ्यासारख्या वायरमनचे त्या परदेशी पेट्यांशी नाते जुळले. इंग्रजी मला यथातथाच येते, पण आकडा कळतो.

माझा पुतण्या न्यू जर्सीतल्या एडिसनला किराणा दुकानात कामाला आहे. गेल्या वर्षी एका रात्री त्याचा फोन आला. ‘काका, जयभीम. बंद पडलेल्या एका थिएटरातल्या दोन पेट्या विकायला आहेत. मालक म्हणतो ए-५ आहेत. घेऊन, साफ करून पुन्हा विकीन म्हणतो. घेऊ का?’ मालकाने सांगितलेली किंमत त्याच्या दीड महिन्याच्या पगाराएवढी होती. इकडे त्याच्या आईचे, म्हणजे आमच्या वहिनींचे, दोन्ही गुडघे गेलेले. शस्त्रक्रियेसाठी साठवलेल्या पैशांतूनच तो हे धाडस करणार होता. मी म्हटले, फोटो पाठव, आणि तोपर्यंत एक डॉलरही देऊ नकोस.

आता कंपनीविषयी थोडे सांगतो. अल्टेक लान्सिंग ही अमेरिकन कंपनी. बोलपटाच्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या माणसांनी अल्टेक काढली, आणि १९४१ साली जेम्स लान्सिंग यांचा लाऊडस्पीकरचा कारखाना विकत घेतला. लान्सिंग १९४६ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढली. तीच पुढे जेबीएल झाली, जिचे नाव आपल्याकडच्या डीजेवाल्या पोरांच्या तोंडी असते. अल्टेकने १९४५ पासून थिएटरांसाठी जी मालिका काढली तिचे नाव ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’. करड्या रंगाच्या भल्यामोठ्या पेट्या होत्या त्या.

गंमत अशी, की आपल्याकडे युनिटवरचा आकडा मोठा असला तर वॅट जास्त समजतात. इथे उलटे आहे. ए-१ हा सगळ्यांत मोठा, त्यात पंधरा इंची सहा स्पीकर. ए-२ मध्ये चार, ए-४ मध्ये दोन, आणि ए-५ व ए-७ मध्ये एकेक. प्रचंड थिएटरला लहान आकडा, लहान थिएटरला मोठा आकडा. हे माहीत नसलेला माणस ए-७ ला ए-५ पेक्षा भारी समजून बसायचा.

खरी अडचण ए-५ आणि ए-७ यांच्यातच आहे. दोघांची लाकडी पेटी एकच, क्रमांक ८२५. बेचाळीस इंच उंच, तीस इंच रुंद. त्या थिएटरमालकाने पेटीवरचा ८२५ पाहिला आणि ए-५ म्हणून टाकले. त्याला दोष देत नाही, पण पेटीवरून काहीच ठरत नाही. आत काय बसवले आहे त्यावरून ठरते. ए-५ मध्ये खालच्या आवाजाला ५१५ हा जोरदार चुंबकाचा स्पीकर आणि वरच्या आवाजाला २८८ हे जड युनिट. ए-७ मध्ये खाली ८०३ आणि वर ८०२, म्हणजे २८८ पेक्षा लहान युनिट. २८८ चे वेटोळे जवळजवळ पावणेतीन इंचांचे, तर ८०२ चे पावणेदोन. शौकीन लोक ए-५ ला जास्त पैसे मोजतात ते यासाठी.

पोरगा म्हणाला, ‘काका, मालकाच्या कागदावर ८०३ लिहिलेय. मी वाचले की ८०३ म्हणजे आठ खणांचा मोठा कर्णा. मग तर भारीच माल की!’ त्याने वाचलेले खोटे नव्हते. अल्टेकच्या खणाखणांच्या कर्ण्यांना क्रमांक देण्याची रीत मला फार आवडते. पुढचे आकडे म्हणजे खण किती, आणि शेवटचा आकडा म्हणजे कोणत्या आवाजापासून कर्णा काम करतो. १००५ म्हणजे दहा खण, पाचशे हर्ट्झ. १५०३ म्हणजे पंधरा खण, तीनशे हर्ट्झ. २०३ म्हणजे दोनच खण. इतके सरळ. मग त्याच कंपनीने ८०३ हाच क्रमांक आठ खणांच्या कर्ण्याला दिला आणि पंधरा इंची स्पीकरलाही दिला! कारखान्यात बसलेल्या कोणा साहेबाला हे सुचले, देव जाणे. गिऱ्हाईक मात्र फसते.

फोटोत कर्णा खणांचा नव्हता. एकच तोंड, आत उभ्या पट्ट्या. म्हणजे कागदावरचा ८०३ हा स्पीकरच असणार. अशा एकतोंडी कर्ण्यांत त्या काळी दोन नेहमीचे, ८११ आणि ५११. पहिला आठशे हर्ट्झपासून, दुसरा पाचशेपासून. ८११ ची रुंदी साधारण साडेअठरा इंच, ५११ ची सव्वातेवीसच्या वर. पोराजवळ टेप नव्हता आणि फोटो समोरून काढलेला होता. मी मुलीच्या शाळेची पट्टी घेतली आणि मोबाइलवर मोजले. पेटी तीस इंच धरली तर कर्णा तिच्या पाऊणपटीहून थोडा जास्त भरत होता. म्हणजे ५११. आणि ५११ कर्णा, ८०२ युनिट व पाचशे हर्ट्झचे वाटणीयंत्र असेल त्याला कंपनी ए-७-५०० म्हणते. साधा ए-७ नव्हे, ए-५ तर नव्हेच.

मी त्याला म्हटले, मालकाशी वाद घालू नकोस. पेटीची मागची फळी उघड आणि प्रत्येक नंबराचा फोटो काढ. त्याने काढले. दोन्ही युनिटे ८०२-डी, वाटणीयंत्रे एन-५००. पहिल्या पेटीत ८०३-ए. दुसऱ्या पेटीत मात्र ५१५-बी! कधीतरी स्पीकर जळाला असेल, आणि तेव्हा दुरुस्त करणाऱ्याच्या हाताला जो लागला तो त्याने बसवला. असे मीही शंभरदा पाहिले आहे. लग्न दारात उभे असताना कोण क्रमांक बघतो?

म्हणजे मालकाचे म्हणणे चौथाईने खरे होते. दोन पेट्यांत मिळून ए-५ चा एकच भाग होता. पोराने नंबरांची यादी त्याच्यापुढे ठेवली. थोडी घासाघीस होऊन सौदा एका महिन्याच्या पगारावर आला.

पोराला वाटत होते, दोन्ही पेट्या आहेत तशाच विकाव्यात. मी म्हटले, अशाने जोडी जुळत नाही, दोन्हीकडचा खालचा आवाज वेगळा येईल. ५१५ एकट्याला गिऱ्हाईक आहे, तो वेगळा विक आणि त्याच्या जागी ८०३-ए शोध. सोळा ओहमचाच घे. नंतरच्या स्पीकरवर क्रमांकामागे ‘-८’ लिहिलेले असते, तो आठ ओहमचा. तो स्वस्त मिळाला तरी इथे घेऊ नकोस. दीड महिना गेला, पण मिळाला. ५१५ च्या पैशांतून ८०३ चे पैसे सुटून वर काही उरले, आणि पेट्या ए-७-५०० ची जोडी म्हणून गेल्या. जाहिरातीत त्याने फक्त नाव न लिहिता आतला प्रत्येक क्रमांक लिहिला होता. घेणाऱ्याने त्याला एकही प्रश्न विचारला नाही.

वहिनींच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. आता त्या काठीशिवाय नळापर्यंत जातात. दुसऱ्या गुडघ्याचे पैसे जमायचे आहेत. परवा पोराचा पुन्हा फोन आला. एका चर्चच्या हॉलमध्ये पेटी पडून आहे, तिच्यावर ८२८ लिहिले आहे, घेऊ का?

म्हटले, आधी मागची फळी उघड.