आज्जी आणि लोखंडी पेटी

मागच्या वर्षी बेळगावात पाऊस लागला होता तेव्हा मी नि आज्जी मामाकडे कॅलिफोर्नियात होतो. मामाने आम्हाला सिएरा नेवाडातल्या लेक मेरीला नेलं, तंबूत राहायला. इन्यो राष्ट्रीय वन १९०७ पासूनचं. तळं सुमारे ८,९०० फुटांवर, वर क्रिस्टल क्रॅगचा उभा कडा. इतक्या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे भात शिजता शिजेना. (कुकर का नाही घेतलास, हे आज्जीने मामाला चारदा ऐकवलं.)

तंबूच्या जागेपाशी लोखंडी पेटी असते. खाणं तर त्यात ठेवायचंच, पण टूथपेस्ट, साबण, आज्जीची हिंगाची डबीसुद्धा. कडी अशी झाकलेली, की माणसाची बोटं जातात, अस्वलाचा पंजा जात नाही. आपल्या खाण्याची चटक लागली की अस्वल धीट होतं, पुन्हा पुन्हा येतं, नि शेवटी बऱ्याचदा त्याला मारावं लागतं.

आज्जी गप्पच झाली. घरी तिची पहिली भाकरी गाईची, कावळ्याचा घास वेगळा. इथे पायाशी आलेल्या चिपमंकला, म्हणजे तिथल्या पट्ट्यापट्ट्यांच्या खारीलाही, दशमीचा तुकडा टाकायचा नाही!

"घास घातला तर मरतंय?" तिने मामाला पुन्हा विचारलं. मग मोडलेला तुकडा डब्यात परत ठेवला.

रात्री थंडीने झोप येईना. पेटीवर काहीतरी खरवडलं, कडी दोनदा वाजली, मग पावलं तळ्याकडे गेली. मी श्वास रोखून पडलेलो.

आज्जी अंधारात हळूच म्हणाली, "उपाशीच गेलं की रे."